प्रश्न वाचकांचे: अकरावी-बारावीचे गणित आणि पुढच्या वाटा

अकरावीच्या प्रवेशाच्या तोंडावर आलेल्या पत्रांपैकी पाच या अंकात घेतली आहेत. परीक्षांचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका जरूर वाचा.

मुलीला दहावीला गणितात उत्तम गुण आहेत, पण तिला डॉक्टर व्हायचे आहे. गणित सोडून फक्त जीवशास्त्र ठेवावे का? (एक पालक, सातारा)

मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेला गणिताचा पेपर नसतो, हे खरे. तरीही मुलीला गणित झेपत असेल आणि आवडत असेल, तर निदान अकरावीला दोन्ही विषय ठेवावेत असे आमचे स्पष्ट मत आहे. राज्यात इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला भौतिकशास्त्र आणि गणित सक्तीचे आहे, आर्किटेक्चरलाही गणित लागते. एनडीएच्या लेखी परीक्षेत गणिताचा ३०० गुणांचा स्वतंत्र पेपर असतो. नीटमध्ये मनासारखे झाले नाही, तर बारावीनंतर यातली एखादी वाट धरता आली पाहिजे. शिवाय अकरावीच्या भौतिकशास्त्रात डेरिव्हेटिव्ह आणि व्हेक्टर लागतातच. गणित सोडलेल्या मुलांची तिथे फार ओढाताण होते.

गणित सुटलेच, तर बारावी झाल्यावर बोर्डाकडे ‘तुरळक विषय’ म्हणून अर्ज भरून ते देता येते. पण त्यासाठी दोन वर्षांचा भाग एकट्याने उपसावा लागतो. तो पर्याय अडीअडचणीलाच ठेवावा.

कॉमर्सला एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घ्यावे की मॅथ्स? सीए करायचे आहे. (विद्यार्थी, इचलकरंजी)

मॅथ्स घ्या. सीए फाउंडेशनला व्यावसायिक गणित, तर्क आणि संख्याशास्त्र यांचा एकत्र पेपर असतो. कॉमर्सच्या पुस्तकात त्याची तयारी बरीचशी होऊन जाते. दुसऱ्या भागातले विमा व अॅन्युइटी, रिग्रेशन, निर्देशांक हे धडे पुढे बँक आणि विमा क्षेत्रात रोजच्या कामाचे आहेत. मात्र कॉमर्सचा मॅथ्सचा पेपर वेगळा असतो. बारावीच्या त्या पुस्तकांत त्रिकोणमिती आणि व्हेक्टर नाहीत. त्यामुळे ‘नंतर इंजिनिअरिंगसाठी जेईई देऊन बघू’ हा विचार त्यात बसत नाही.

दहावीपर्यंत मराठी माध्यम. आता अकरावीला सगळे इंग्रजीत. गणित कळते, पण प्रश्नच उमगत नाही. (विद्यार्थिनी, अंबाजोगाई)

अडचण खरी आहे, पण ती मोजक्या शब्दांची आहे. गणिताच्या इंग्रजीत पुन्हापुन्हा येणारे शब्द पन्नास-साठच निघतील. त्यांत सर्वांत जास्त गुण खाणारे शब्द संभाव्यतेत सापडतात: ‘अॅट लीस्ट’, ‘अॅट मोस्ट’ आणि ‘एक्झॅक्टली’. ‘अॅट लीस्ट टू’ म्हणजे दोन किंवा त्याहून जास्त. तिथे १ मधून शून्याची आणि एकची संभाव्यता वजा करायची असते. घाईत अनेक मुली-मुले फक्त दोनचीच काढतात आणि पूर्ण गणित हातचे जाते. ‘इफ’ आणि ‘इफ अँड ओन्ली इफ’ यांतला फरक तर्कशास्त्राच्या पहिल्याच धड्यात येतो. तो तिथेच पक्का करा.

वहीची उभी घडी घालून डावीकडे इंग्रजी वाक्य आणि उजवीकडे मराठीत ‘काय दिले आहे, काय काढायचे आहे’ एवढेच लिहा. रोज पाच गणिते, नुसते वाचन, सोडवणे नाही. महिनाभरात फरक दिसायला लागतो. एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: जेईई मेनची प्रश्नपत्रिका मराठीत मिळते, पण राज्याच्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे एमएचटी-सीईटीत, गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. त्यामुळे ही मेहनत टाळता येणार नाही.

मुलगा रोज दोन-अडीच तास गणित करतो, क्लासही आहे. तरी बोर्डाच्या सराव परीक्षेत ८० पैकी ५० च्या वर जात नाही, आणि सीईटीत वेळ पुरत नाही. चुकते कुठे? (एक पालक, अकोला)

या दोन परीक्षा वेगवेगळ्या सवयी मागतात आणि बहुतेक मुले एकाच सवयीने दोन्ही देतात.

बोर्डाच्या विज्ञान शाखेच्या पेपरात दोन गुणांचे आठ बहुपर्यायी आणि एक गुणाचे चार प्रश्न असतात. उरलेले ६० गुण लिहून दाखवण्याचे: दोन गुणांचे बारापैकी आठ, तीन गुणांचे बारापैकी आठ आणि चार गुणांचे आठपैकी पाच. इथे गुण पायऱ्यांना मिळतात. क्लासमध्ये चार पर्यायांतून उत्तर शोधायची सवय लागलेला मुलगा मधल्या पायऱ्या गाळतो आणि गुण तिथेच जातात.

एक उदाहरण घ्या. ० ते १ या मर्यादांत २क्ष भागिले (१ + क्ष²) याचे इंटिग्रेशन करायचे आहे. मुले १ + क्ष² = ट असे बरोबर मांडतात. वरच्या २क्षची सोयही बरोबर लावतात. पण मर्यादा ० आणि १ याच राहू देतात. मग शेवटी लॉग शून्य येते, आणि ते तर अस्तित्वातच नाही. मुलगा गोंधळतो, सगळे खोडतो, दुसऱ्या गणिताकडे वळतो. क्ष = ० तेव्हा ट = १ आणि क्ष = १ तेव्हा ट = २, एवढी एक ओळ लिहिली असती तर उत्तर सरळ लॉग २. चल बदलला की पुढची ओळ मर्यादांचीच, हा नियम हाताला लागला पाहिजे.

अशाच आणखी गळत्या: अनिश्चित इंटिग्रेशनमध्ये शेवटी ‘सी’ न लिहिणे, गुणधर्म वापरला पण त्याचा उल्लेख न करणे, आणि लिनिअर प्रोग्रामिंगमध्ये आलेख सुबक काढून प्रत्येक कोपऱ्याच्या बिंदूवर किंमत न तपासणे.

आता सीईटी. ९० मिनिटांत ५० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट ४८ सेकंद. सुमारे २० टक्के भाग अकरावीचा असतो आणि नेमकी तीच पुस्तके बारावीला माळ्यावर जातात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही गोल रिकामा सोडायचा नाही. जेईई मेनमध्ये मात्र चुकीला एक गुण वजा, तिथे हीच सवय महागात पडते. पहिल्या फेरीत दोन ओळींत सुटणारे सगळे प्रश्न, दुसऱ्या फेरीत ओळखीचे पण लांबलचक, आणि शेवटची पाच मिनिटे उरलेल्यांसाठी. एका प्रश्नावर तीन मिनिटे गेली की तो सोडून पुढे जायचे.

दोन-अडीच तासांचे म्हणाल, तर त्यातला किती वेळ मुलगा सोडवलेली गणिते वाचतो ते पाहा. वाचताना सगळे कळल्यासारखे वाटते. उत्तर झाकून पंधरा मिनिटे स्वतः झुंजल्याशिवाय त्या वेळेला सराव म्हणू नये.

मला इंजिनिअरिंग नको, गणितच शिकायचे आहे. पर्याय काय आणि नोकरीचे काय? (विद्यार्थी, रत्नागिरी)

पर्याय चांगले आहेत, फक्त त्यांच्या परीक्षा मे-जूनच्या आसपास वेगळ्या होतात आणि माहिती नसल्याने अर्जाची तारीख निघून जाते. भारतीय सांख्यिकी संस्थेत कोलकात्याला बी.स्टॅट. आणि बेंगळुरूला बी.मॅथ. आहे. तिथल्या प्रवेश परीक्षेची नेहमीची रचना अशी: एक पेपर ३० बहुपर्यायी प्रश्नांचा, दुसरा आठ लेखी प्रश्नांचा, प्रत्येकी दोन तास, आणि त्यानंतर मुलाखत. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये गणित आणि संगणकशास्त्राची पदवी आहे. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेच्या चाचणीत ६० प्रश्न असतात, चारही विज्ञान विषयांचे प्रत्येकी १५. जीवशास्त्र सोडलेल्या मुलाला उरलेल्या ४५ वर भिस्त ठेवावी लागते. आयआयटी मुंबईच्या गणिताच्या बी.एस.ला जेईई अॅडव्हान्स्डमधून जाता येते.

या परीक्षांत, विशेषतः पहिल्या दोन संस्थांच्या, सिद्धता लिहिता यावी लागते. चार किमती घालून पाहिल्या आणि नियम बसला, म्हणजे तो सिद्ध झाला असे नव्हे. कोणतीही संख्या घ्या, तिच्या वर्गात तीच संख्या मिळवा आणि वर ४१ मिळवा. ० पासून ३९ पर्यंत दर वेळी मूळ संख्या मिळते. चाळीस वेळा बरोबर आले की कोणालाही खात्री वाटेल. पण ४० घातले की १६०० + ४० + ४१ = १६८१ येते, म्हणजे ४१ गुणिले ४१. तुम्ही अजून अकरावीत असाल, तर आयओक्यूएम ही ऑलिंपियाडची पहिली फेरी द्या: तीन तास, ३० प्रश्न, अंकगणित-बीजगणित-भूमिती-मोजणी, कॅल्क्युलसची गरज नाही. पुढे आयएनएमओपर्यंत, म्हणजे राष्ट्रीय फेरीपर्यंत, जाऊन पारितोषिक मिळाले, तर सांख्यिकी संस्थेच्या वरील दोन पदव्यांना लेखी परीक्षेतून सूट मिळते. निवड झाली नाही तरी त्या तयारीत सिद्धता लिहायला शिकता, आणि तेच हवे आहे.

यातले काहीच जमले नाही, तर जवळच्या कॉलेजात गणित किंवा संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. करा आणि ‘जाम’ ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी.ला जा. ही कमी प्रतीची वाट नाही. पदवीच्या काळात माधव गणित स्पर्धा द्या आणि उन्हाळ्यातल्या एमटीटीएस या गणिताच्या शिबिरासाठी अर्ज करा. जिल्ह्याच्या कॉलेजातल्या मुलांना तिथे प्रथमच बरोबरीचे सोबती भेटतात.

नोकरीसाठी संख्याशास्त्राची जोड फार उपयोगी पडते. केंद्राच्या भारतीय सांख्यिकी सेवेसाठी पदवीत किंवा पदव्युत्तर पदवीत संख्याशास्त्र असावे लागते. नुसते गणित केलेल्यांना हे उशिरा कळते, म्हणून पहिल्या वर्षी विषय निवडतानाच ठरवा. विमा कंपन्यांतल्या अॅक्चुअरीच्या, म्हणजे जोखमीचा हिशेब मांडणाऱ्या तज्ज्ञाच्या, कामाचा आधारच संभाव्यता आणि व्याजगणित आहे. त्याची प्रवेश परीक्षा, एसीईटी, बारावीनंतर देता येते, पण पुढचे पेपर पदवीबरोबर वर्षानुवर्षे चालतात, हे धरून चला. डेटाच्या कामात मॅट्रिक्स, संभाव्यता आणि डेरिव्हेटिव्ह हे बारावीचे तीन धडे सतत लागतात. त्याच्या जोडीला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिका, बारावीच्या सुट्टीत सुरुवात केली तरी पुरे.