मुंबईत छोट्या भाड्याच्या घरात राहून पर्यावरणासाठी रोजच्या कोणत्या सवयी लावता येतील?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच मुंबईत वन बीएचकेमध्ये राहायला आलात, घर भाड्याचं आहे, बाल्कनी नाही, दोघंही नोकरी करता, आणि तरी घर जरा जबाबदारीने चालवायचं आहे. मी चेंबूरला राहते, फोर्टला नोकरी करते, लहानपण गिरगावच्या चाळीत गेलं. माझ्या अनुभवातून सांगते.

आधी काहीही विकत आणू नका. बांबूचे ब्रश, स्टीलच्या स्ट्रॉ, काचेच्या बरण्यांचा नवा सेट, यातलं काही नको. घरात प्लास्टिकचे डबे असतील तर ते फुटेपर्यंत वापरा. पहिल्या आठवड्यात फक्त दोन गोष्टींची चौकशी करा: नळाला येणारं पाणी कुठून येतं आणि दारातून उचललेला कचरा कुठे जातो. माझ्या ज्या सवयी टिकल्या, त्या सगळ्या या दोन प्रश्नांतून आल्या. नुसत्या याद्या वाचून लावलेल्या सवयी महिनाभरही टिकल्या नाहीत.

कचऱ्यापासून सुरू करते, कारण माझी सुरुवात तिथूनच झाली. जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनारच्या डंपिंग ग्राउंडला मोठी आग लागली. आम्ही खिडक्या लावून बसलो, तरी उशांनासुद्धा धुराचा वास येत होता. मुलगा लहान होता, रात्री खोकत उठायचा. आसपासच्या पालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. देवनारला १९२७ पासून कचरा पडतोय. तिथे आग का लागते हे मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. ओला कचरा ढिगाखाली दाबला गेला की त्याला हवा मिळत नाही, तो तसाच आतल्या आत कुजतो आणि त्यातून मिथेन वायू निघतो. मिथेन पेट घेतो, आणि जळायला वर प्लास्टिक असतंच. मी बटाट्याची सालं आणि दुधाची पिशवी एकाच काळ्या पिशवीत घालून, गाठ मारून दाराबाहेर ठेवत होते. म्हणजे त्या धुरात माझ्या घरचीही भर होती. ते मनाला फार लागलं.

दुसऱ्या दिवसापासून घरात दोन डबे आले, ओल्याचा आणि सुक्याचा. तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल की "पुढे गाडीत सगळं एकच करतात, कशाला त्रास घेताय?" काही ठिकाणी तसं होतंही. पण गाडीत पडण्याआधी आणि नंतरही सुका कचरा वेचणारे हात असतात. कोरडा कागद, पुठ्ठा, बाटली, डबा त्यांच्यासाठी पैसे असतात. त्याच कागदावर कालची आमटी सांडली की त्याची किंमत शून्य. स्त्री मुक्ती संघटनेने 'परिसर विकास' नावाने कचरावेचक बायकांना प्रशिक्षण देऊन संघटित केलंय. अशा बायकांचं काम जवळून पाहिलं की ओलं-सुकं वेगळं करणं पर्यावरणाआधी माणुसकीचं काम वाटायला लागतं. म्हणूनच एक तिसरी सवय मी याच्याही वर ठेवते: फुटलेली काच, ब्लेड, वापरलेले पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यावर लाल पेनाने ठळक खूण करून वेगळं द्यायचं. ती पिशवी कुणीतरी उघड्या हाताने उचलणार असतं.

दुधाच्या पिशवीचं मुद्दाम सांगते. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, थोडा जोडलेला ठेवा. ते इवलंसं त्रिकोणी तुकडं कुणीच वेचत नाही, ते गटारातच जातं. पिशवी उलटी करून धुवा, ते पहिलं पाणी कुंडीला घाला, आणि ओट्याच्या टाइलवर चिकटवून वाळवा. महिनाभराच्या साठलेल्या पिशव्या रद्दीवाला आनंदाने नेतो. आमच्या चाळीत प्रत्येक घरात अशा पिशव्या दोरीवर वाळत असायच्या.

आता ओल्या कचऱ्याचं खत. बाल्कनी नाही म्हणून हे सोडू नका, खिडकीच्या ग्रिलमध्ये किंवा ओट्याखाली जमतं. रंगाची रिकामी वीस लिटरची बादली घ्या, खाली आणि बाजूंना भोकं पाडा, तळाशी ताट ठेवा. आधी नारळाच्या शेंड्यांचा थर, त्यावर सुकी पानं. रोजची सालं, देठं, चहाचा चोथा बारीक करून टाका आणि तेवढीच सुकी पानं किंवा लाकडाचा भुसा वरून पसरा. सुरुवातीला वाटीभर आंबट ताक शिंपडलं की कुजण्याला वेग येतो. आठवड्यातून दोनदा खालीवर करा. शिजलेलं तेलकट अन्न आणि माशांचे काटे यात नकोत, घरात वास सहन होणार नाही. वास आलाच तर त्याचं कारण एकच असतं, ओलं जास्त झालंय. सुकं घाला, हलवा, दोन दिवसांत जातो. पावसाळ्यात पांढऱ्या-करड्या अळ्या दिसतील. माझ्या सासूबाईंनी त्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा बादली थेट खाली नेऊन ओतली होती. त्या अळ्या खतच करत असतात, झाडाला किंवा माणसाला काही करत नाहीत. पृष्ठभागावर सुका थर जाड ठेवला की दिसतही नाहीत. दोन-अडीच महिन्यांत काळं, पावसाच्या मातीसारख्या वासाचं खत मिळतं. आमच्या घरचा बाहेर जाणारा कचरा वजनाने निम्म्याहून कमी झाला, हे पहिल्याच महिन्यात हाताला जाणवतं.

सोसायटी मोठी असेल तर हेही माहीत असू द्या: ज्या संकुलांतून दिवसाला शंभर किलोपेक्षा जास्त कचरा निघतो, त्यांनी ओल्या कचऱ्याची विल्हेवाट आवारातच लावावी असं पालिकेने २०१७ मध्ये ठरवलं आहे. तुमच्याकडे असा खड्डा किंवा ड्रम असेल तर घरात बादलीही नको, रोज खाली नेऊन टाका. नसेल तर भाडेकरू म्हणून एकट्याने सभेत भांडू नका. आधी दोन शेजाऱ्यांना तयार खत हातात द्या. आमच्या इमारतीत वर्षभर "उंदीर होतील, वास येईल" असंच चाललं होतं. तळमजल्यावरच्या काकूंच्या मोगऱ्याला खत घातल्यावर फुलं आली, आणि पुढच्या सभेत हा विषय त्यांनीच काढला.

खरेदीसाठी मी एकच कसोटी ठेवली आहे: ही वस्तू संपल्यावर तिचं वेष्टन भंगारवाला घेईल का? त्याला खरंच विचारा, मी विचारलं होतं. पुठ्ठा घेतो, लोखंड-अॅल्युमिनियम घेतो, पाण्याची बाटली घेतो, जाड प्लास्टिक घेतो. वेफर्सचं आतून चकचकीत पाकीट घेत नाही, शाम्पूची पुडी घेत नाही, थर्माकोल घेत नाही. तो ज्याला हात लावत नाही ती वस्तू आमच्याकडे कमी येते. डाळ-तांदूळ कोपऱ्यावरच्या वाण्याकडून कापडी पिशवीत, वेफर्स भट्टीवाल्याकडून डब्यात. कापडी पिशवी जुन्या चादरीची शिवून घ्या आणि ती ऑफिसच्या बॅगेत कायम ठेवा, दाराच्या खुंटीवर नको. संध्याकाळी स्टेशनबाहेर भाजी घेताना खुंटीवरची पिशवी उपयोगाची नसते. राज्यात २३ जून २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. पहिले काही महिने भाजीवाले खरंच पिशवी देत नव्हते, मग पातळ पिशव्या हळूहळू परत आल्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा नाले-गटारं तुंबवण्यात याच पिशव्यांचा हात होता. मी त्या रात्री सायनला कमरेएवढ्या पाण्यात होते. त्यानंतर पिशवी नको म्हणायला मला कधी जड गेलं नाही.

मासे खात असाल तर बाजारात स्टीलचा डबा न्या. कोळीण मावशी आनंदाने त्यात घालून देते, आणि नेहमीची गिऱ्हाईक झालात तर ताजं काय आहे तेही खरं सांगते. तळहातापेक्षा लहान पापलेट स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. ते पिल्लू असतं, त्याने अजून अंडी घातलेली नसतात. रुपेरी पापलेट, आपला सरंगा, २०२३ पासून राज्यमासा आहे, आणि तोच असा लहानपणी पकडला गेल्यामुळे कमी होत चाललाय. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा आमच्या घरी सुके बोंबील, जवळा, आणि स्टेशनबाहेर आदिवासी बायका आणतात त्या शेवळं, कंटोळी, टाकळा. नारळी पौर्णिमेपर्यंत वाट पाहायची ही कोळ्यांची जुनी शिस्त खाणाऱ्यांनीही पाळावी असं मला मनापासून वाटतं.

आता पाणी. मुंबईला सात तलावांचं पाणी येतं. विहार आणि तुळशी शहरातले. तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा आणि भातसा हे पाच दूर ठाणे, पालघर, नाशिककडचे. भातसा शहापूर तालुक्यात आहे. त्याच शहापूरच्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकर येतो आणि बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या असतात. तिथलं धरणाचं पाणी कितीतरी गावं ओलांडून आपल्या मोरीत येतं. हे कळल्यावर माझी एक जुनी सवय सुटली. सकाळी नळ आला की आदल्या दिवशीचं पिंपातलं पाणी 'शिळं' म्हणून ओतून द्यायचं आणि नवं भरायचं, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. झाकलेलं पाणी एका रात्रीत खराब होत नाही. आता आधी तेच लादी पुसायला, कपडे भिजवायला, कुंड्यांना वापरते आणि मग पिंप भरते.

दुसरं म्हणजे पाणी शुद्ध करायचं यंत्र. नव्या घरात आलात की विक्रेते आरओ गळ्यात मारतील, मलाही मारलं होतं. आरओ मुख्यतः क्षार काढतं आणि एक लिटर पिण्याच्या पाण्यामागे साधारण दोन-तीन लिटर पाणी नळीतून बाहेर टाकतं. पालिकेचं तलावाचं पाणी मुळातच कमी क्षारांचं असतं, त्याला आरओ लागत नाही. उकळून गाळून घ्या किंवा साधं यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारं यंत्र लावा. टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा आधी तपासून घ्या. घरात आरओ आधीच असेल तर त्याच्या नळीखाली बादली ठेवा. भांडी आणि लादी त्या पाण्याने होते.

विजेचं थोडक्यात. मुंबईत पंखा बारा महिने फिरतो, म्हणून एसीइतकाच पंख्याचाही विचार करा. साधा छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० च्या आसपास. जुना बंद पडेल तेव्हा तो घ्या, आणि घर सोडताना काढून सोबत न्या. एसी २६ वर ठेवून वर पंखा लावला की रात्री पांघरूण लागतं. प्रवासाचं तर तुम्हाला सांगायलाच नको, लोकल आणि बस आहेच.

कपड्यांच्या बाबतीत बोहारीण दारावर आली तर तिला परतवू नका. ती जुन्या साड्या-शर्टांवर घासाघीस करून एक स्टीलचं पातेलं देते, आणि तेच कपडे दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात जातात. सुती साड्या मात्र मी तिला देत नाही. माझ्या सासूबाई त्या साड्यांच्या गोधड्या शिवतात, आणि फाटल्यावर त्याच लादीचं फडकं होतात.

एक राहिलं. खताच्या बादलीला सगळ्यात जास्त लागतात ती सुकी पानं, आणि ती नेमकी पावसाळ्यात मिळत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायटीतल्या बदामाची आणि पर्जन्यवृक्षाची पानगळ होते तेव्हा झाडणाऱ्या मामांकडून दोन गोण्या पानं मागून घ्या, तोंड बांधून पलंगाखाली सरकवा. सप्टेंबरपर्यंत पुरतात.