बाजेला हात लावण्यापूर्वी

कलेच्या समूह प्रदर्शनात तुम्ही प्रथमच भाग घेत आहात आणि विषय ‘बाज’, म्हणजे दोरीने विणलेली खाट, आहे, म्हणून आरंभी लागतील तेवढ्याच गोष्टी सांगतो. प्रकाशयोजना आणि किंमत पुढच्या वेळी पाहू.

रेखाटनाला बसण्याआधी आठवडाभर त्या बाजेवर झोपा. अंबाडीच्या दोरीची वीण मधोमध कशी खोलगट होते, पायथ्याकडची दोरी ओढताच ती पुन्हा कशी ताठ होते आणि सकाळी पाठीवर तिचे वळ कसे उमटतात, हे अंगाला कळले की कल्पना शोधत फिरावे लागत नाही. साधी वस्तूही पुरते: अमेरिकी कलावंत जोसेफ कोसुथ यांनी १९६५ मध्ये खरी खुर्ची, तिचे छायाचित्र आणि शब्दकोशातील ‘खुर्ची’चा अर्थ, एवढेच शेजारी-शेजारी मांडले होते.

नवखे हमखास करतात ती चूक म्हणजे सजावट. माझी पहिली बाज मी ऑइल पेंटने अशी रंगवली, की बाभळीच्या पायांवरचे वाकसाचे घावच दिसेनासे झाले, गावातल्या एका आजींनी तिच्याकडे पाहून “हे बाज लग्नातली हाय का?” एवढेच विचारले, आणि त्या चुकल्या नव्हत्या. उंची, वीण किंवा जागा, यांपैकी एकच काहीतरी बदला.

उन्हाळ्यात लाकूड आकसून सांधे ढिले पडतात, तेव्हा मांडणीच्या आदल्या दिवशी ते ठोकून घ्या. बाज दिसली की आपल्याकडे माणूस टेकतोच. बसू द्यायचे नसेल, तर पाटीवर विसंबू नका, दिवसा घरोघरी ठेवतात तशी बाज भिंतीला उभी करा.