साहित्यातील नीतिमूल्यांचा आजच्या जगण्याशी काही संबंध उरला आहे का?

आपण ऐरोलीहून लिहिले आहे की, नववीत शिकणाऱ्या आपल्या मुलीला मराठीच्या पाठाखाली ‘या पाठातून तुम्हाला कोणता बोध मिळतो?’ या प्रश्नाचे उत्तर लिहावे लागते, आणि ती आपल्याला विचारते की, इतक्या जुन्या माणसांच्या नीतिमूल्यांचा आज आम्हाला काय उपयोग. मी कळव्याच्या एका शाळेत एकतीस वर्षे मराठी शिकवले आणि हाच प्रश्न प्रश्नपत्रिकेत असंख्य वेळा घातला. आपल्या मुलीची शंका मला रास्त वाटते. तिला उत्तर देणे ही माझी स्वतःचीही गरज आहे. ती का, हे पुढे येईल.

त्या दोन गुणांच्या प्रश्नाला मुले जे उत्तर लिहीत, ते बहुधा पाठ न वाचताही लिहिता येण्यासारखे असे. ‘नेहमी खरे बोलावे’, ‘आईवडिलांची सेवा करावी’, ‘सर्वांशी समानतेने वागावे’ ही वाक्ये चुकीची नाहीत, पण ती सांगण्यासाठी कोणाला कादंबरी लिहावी लागत नाही. वर्गाच्या फळ्यावर रोज सकाळी लिहिला जाणारा सुविचार तेवढे काम करतो. गोष्ट लिहावी लागते ती, खरे बोलले तर घर मोडते आणि खोटे बोलले तर आपण मोडतो, अशा पेचात कोणी सापडलेले असते तेव्हा. साहित्यातील मूल्य माझ्या मते त्या पेचात असते आणि शेवटी काढून दिलेल्या तात्पर्यात ते बहुतेक वेळा उरत नाही. म्हणूनच एखाद्या साहित्यकृतीचे तात्पर्य जुने होते, प्रसंगी चुकीचेही ठरते, आणि तरीही ती कृती वाचणाऱ्याला स्वस्थ बसू देत नाही.

ठाण्यात राहणाऱ्या माणसाला याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. मासुंदा तलावाच्या काठी १९७८ पासून उभ्या असलेल्या रंगायतनाला ज्यांचे नाव दिले आहे, त्या राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक त्यांच्या निधनानंतर महिन्याभरातच, फेब्रुवारी १९१९ मध्ये, रंगभूमीवर आले. सुधाकर हा बुद्धिमान वकील. सनद काही काळासाठी रद्द झाल्याचा अपमान त्याला सोसत नाही, दारूबाज तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो आणि तेथून त्याच्या संसाराची धूळधाण सुरू होते. पहिला प्याला टाळा, हे नाटकाचे उघड सांगणे आजही कोणी नाकारणार नाही. पण त्याच्या जोडीला दुसरे एक मूल्य नाटकाने तितक्याच आदराने मांडले आहे, ते सुधाकराची बायको सिंधू हिच्या पातिव्रत्याचे. नवऱ्याच्या मारहाणीत तिचे तान्हे मूल जाते, ती स्वतः मरणाच्या दारात पोचते, आणि तरीही पोलिसांपुढे नवऱ्याला वाचवणारी जबानी देते. बालगंधर्वांची सिंधू पाहताना त्या काळचे प्रेक्षक रडत असत. मीही तरुणपणी तो प्रवेश वाचून रडलो होतो आणि मला तो सिंधूच्या मोठेपणाचा कळस वाटला होता.

आज मी सिंधूचे वागणे कोणत्याही मुलीपुढे आदर्श म्हणून ठेवणार नाही. २००५ साली कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा झाला तो नेमका अशा जबान्यांमागचे मौन तोडण्यासाठी. परंतु तो प्रवेश मला आजही गलबलून टाकतो. कायद्याचा माणूस समोर उभा आहे, तिच्यावर माया करणारी माणसे जवळ आहेत, आणि तरीही खरे सांगून मग जगता येईल अशी जागा त्या बाईच्या जगात कुठेच नाही, हे आता मला दिसते. गडकऱ्यांनी तिचा गौरव केला, पण तिला इतक्या प्रामाणिकपणे उभे केले की त्यांनी स्वतः न काढलेला निष्कर्ष शंभर वर्षांनंतरच्या वाचकाला काढता येतो. ‘मोरीत पाय घसरून पडले’ असे डॉक्टरांना सांगणारी बाई आजही आपल्या शेजारच्या घरात असू शकते, आणि ज्याने सिंधू वाचली आहे त्याने ते वाक्य ऐकून पुढे निघून जाऊ नये, एवढी अपेक्षा मी साहित्याकडून ठेवतो.

हरिभाऊ आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ बाबत माझी चूक याच्या उलट झाली. येथे मूल्य जुने झाले, असे मी समजून बसलो होतो. हरिभाऊंनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध केली. यमू आपली कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगते: लहानपण, लग्न, नवऱ्याबरोबर आलेले थोडे मोकळे दिवस, वैधव्य आणि शेवटी बळजबरीने झालेले केशवपन. तो संमतिवयाच्या वादाचा काळ होता. १८९१ च्या कायद्याने मुलींचे शरीरसंबंधासाठीच्या संमतीचे वय दहावरून बारा वर्षे केले, एवढ्यावरून महाराष्ट्रात रान उठले होते. अशा वेळी हरिभाऊंनी कादंबरीत व्याख्यान दिले नाही, त्यांनी एका मुलीला बोलू दिले, आणि घरात ज्या बायकांचे कोणी ऐकत नव्हते त्यांचे बोलणे वाचण्याच्या निमित्ताने त्याच घरातल्या पुरुषांना ऐकावे लागले. मी वर्गात या कादंबरीविषयी बोलत असे ते मात्र संपलेल्या गोष्टीविषयी बोलावे तसे. पुढे मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढून घेणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनाही त्या वाटेने जाण्याचे आवाहन केले. वस्तरा गेला होता, पण दगडावर बांगड्या फोडणारे हात तसेच राहिले होते. ती बातमी वाचली तेव्हा कादंबरीचे नाव मला पहिल्यांदा प्रश्नासारखे ऐकू आले.

येथे थोडे विषयांतर करून एक सांगतो. नीतिमूल्ये असलेले साहित्य म्हणजे सभ्य, सोज्ज्वळ साहित्य, अशी समजूत पालकांत फार आहे. विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’वर १९७२ मध्ये अनैतिकतेचा ठपका आला आणि नाटकाला उच्च न्यायालयातून आपला प्रयोग करण्याचा हक्क मिळवावा लागला. बाईला घरात ठेवण्यामागचा व्यवहार त्या नाटकाने उघडा केला होता. मुलगी मोठी झाल्यावर असे काही वाचू लागली, तर ते तिच्या हातून काढून घेऊ नका.

आता मूळ मुद्द्यावर येतो, आणि त्यासाठी मला साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’कडे वळावे लागेल. हे पुस्तक गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात एक प्रसंग आहे. अस्पृश्य मानलेल्या जातीतील एक म्हातारी लाकडांची मोळी खाली पडल्यामुळे वाटेत खोळंबलेली आहे आणि तिला शिवावे लागेल म्हणून कोणी मोळी उचलून देत नाही. श्यामची आई श्यामला सांगते की, जा, तिच्या डोक्यावर मोळी दे, आणि घरी येऊन आंघोळ कर. श्याम तसे करतो.

दरवर्षी २४ डिसेंबरला, गुरुजींच्या जयंतीला, मी हा प्रसंग आठवीच्या वर्गात मोठ्याने वाचत असे. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने उभे राहून विचारले, “सर, मग आंघोळ कशाला केली?” मी त्याला उत्तर दिले की, त्या काळी तसे होते, आणि पुढचे वाचू लागलो. तो मुलगा खाली बसला. त्याच्या घरच्या आठवणीत ती मोळी कोणाच्या डोक्यावर होती याचा विचार मी तेव्हा केला नाही.

निवृत्तीनंतर आम्ही घोडबंदर रस्त्यावरील एका मोठ्या संकुलात राहायला आलो. दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एक ठराव आला: घरकाम करणाऱ्या बायका, सफाई कामगार आणि सामान पोचवणारी मुले यांनी रहिवाशांच्या लिफ्ट न वापरता फक्त मागची सर्व्हिस लिफ्ट वापरावी. कारणे व्यवस्थित होती. सकाळी गर्दी होते, मुलांची शाळेची वेळ असते, सुरक्षेचा प्रश्न आहे. कोणीही जातीचे नाव घेतले नाही, कोणी अपशब्द वापरला नाही. हात वर झाले, त्यात माझाही होता.

आमच्याकडे मानपाड्याहून येणाऱ्या ताई आठ वर्षांपासून घर सांभाळतात. दिवाळीला आम्ही त्यांना एक महिन्याचा पगार जास्त देतो, त्यांच्या मुलाच्या अकरावीच्या प्रवेशाचे अर्ज मी स्वतः भरून दिले, आणि या सगळ्याचे मला मनातून समाधान होते. ठरावानंतर काही दिवसांनी सर्व्हिस लिफ्ट बंद पडली, सुरक्षारक्षकाने नियमावर बोट ठेवले आणि ताई अठरा मजले जिने चढून आल्या. त्या काही बोलल्या नाहीत. पाणी प्यायल्या आणि कामाला लागल्या. त्या दुपारी त्या मुलाचा प्रश्न जवळजवळ वीस वर्षांनी मला परत ऐकू आला. मोळी उचलून देण्यात मी कधीच कसूर केली नव्हती. मोळी उचलून दिल्यावर आंघोळ करणाऱ्यांच्या रांगेत मात्र मी हात वर करून उभा राहिलो होतो.

आपल्या मुलीच्या प्रश्नाचे जे काही उत्तर माझ्यापाशी आहे, ते येथे आहे. वाचनाने माणूस आपोआप चांगला होत नाही. तसे असते तर एकतीस वर्षे हे सारे शिकवलेल्या माझा हात त्या सभेत वर गेला नसता. पण तो प्रसंग मी वाचलेला नसता, तर ताई जिने चढून आल्या त्याला मी लिफ्टची गैरसोय म्हटले असते आणि देखभाल करणाऱ्या कंपनीवर चिडून मोकळा झालो असतो. जे घडले त्याला त्याच्या खऱ्या नावाने ओळखण्याची सोय त्या पुस्तकाने माझ्यात करून ठेवली होती, आणि मला न विचारता ती जागी झाली.

स्वतः गुरुजी त्या आंघोळीपाशी थांबले नाहीत, हेही मुलीला सांगायला हवे. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राणांतिक उपोषण केले आणि मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावरच ते सोडले. म्हातारीला शिवून घरी आंघोळ करणारा श्याम आणि पंढरपुरात उपाशी बसलेले गुरुजी यांच्यामध्ये जे अंतर आहे, तेवढे ते मूल्य एका माणसाच्या आयुष्यात वाढले. आईने दिलेली शिकवण गुरुजींनी होती तशी जपली असती तर ती आंघोळीसह जपावी लागली असती. त्यांनी ती पुढे नेली, आणि आपण ज्यांना जुनी मूल्ये म्हणतो त्यांचा आदर करण्याची हीच रीत मला योग्य वाटते.

त्या आठवड्यात मी मराठी ग्रंथ संग्रहालयात गेलो. ठाण्याची ही संस्था १८९३ सालची, म्हणजे यमूच्या पिढीची. तेथून दया पवार यांचे १९७८ साली प्रसिद्ध झालेले ‘बलुतं’ हे आत्मकथन पुन्हा आणले. पूर्वी मी ते दलित साहित्याच्या इतिहासातील टप्पा म्हणून वाचले होते. या वेळी ते मोळीखालच्या बाजूने वाचले, आणि जाणवले की ‘श्यामची आई’मधील त्या म्हातारीला गोष्टीत नाव नाही, आणि मोळी डोक्यावर आल्यावर ती कुठे गेली हेही आपल्याला कळत नाही. तिच्या घरातली गोष्ट सांगायला तिच्याच घरातला माणूस लिहिता व्हावा लागला. आपल्या मुलीला एका वेळी एकच पुस्तक देऊ नका, असे मी सुचवीन ते यासाठी. श्यामबरोबर ‘बलुतं’मधला दगडूही वाचू द्या.

सोसायटीच्या ठरावाचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. तो रद्द करण्याची लेखी सूचना मी पुढच्या वार्षिक सभेसाठी दिली. अनुमोदक मिळायला दीड महिना लागला. शेवटी सहाव्या मजल्यावरच्या एका तरुण मुलीने सही केली. सभेत सूचना फेटाळली गेली, बाजूने अकरा हात आले. यंदा ती पुन्हा दिली आहे. तोवर मी आणि माझी पत्नी मागच्या लिफ्टने जातो-येतो, म्हणजे ताई आल्या की निदान तेथे सोबत असते.

मुलीला बोध लिहायचाच असेल तर लिहू द्या, दोन गुण वाया घालवण्याचे कारण नाही. पण वही मिटल्यावर तिला विचारा की, या गोष्टीत तुला कुठे अडखळायला झाले, आणि ती जे सांगेल त्यावर लगेच उत्तर देऊ नका. तिने आंघोळीबद्दल विचारले, तर ‘त्या काळी तसे होते’ असे म्हणून पान तेवढे उलटू नका.