ऑडिशनला आत्मविश्वासाने सामोरे कसे जावे?

ऑडिशनच्या खोलीत शिरताच घसा कोरडा पडतो, मग आत्मविश्वास आणायचा कोठून, असे आपण विचारले आहे. ‘छाती पुढे काढून आत जा, भीती दिसू देऊ नका’ हा सल्ला आधी सोडून द्यावा. एकांकिका स्पर्धांच्या काळात आमचे दिग्दर्शक हेच सांगत आणि मी त्यांच्याशी वाद घालत असे, कारण त्या सल्ल्यात नटाला कसे दिसायचे एवढेच कळते, काय करायचे ते कळत नाही.

वर्सोव्याच्या आरामनगरमधील एका कास्टिंग कार्यालयात मला हिंदी मालिकेतला एक प्रसंग दिला होता. पतपेढीच्या व्यवस्थापकाकडे कर्जाच्या हप्त्याची मुदत वाढवून मागायला आलेली बाई. रांगेत उभी असताना मी स्वतःच्या वाक्यांबरोबर त्या व्यवस्थापकाचीही वाक्ये पाठ केली, कारण कॅमेऱ्यामागून क्यू देणारा, म्हणजे समोरच्या पात्राची वाक्ये वाचणारा, सहायक ती सपाट आवाजात वाचून टाकतो आणि त्याच्याकडून भावनेची वाट पाहणारा नट तिथेच अडतो. कॅमेऱ्यासमोर नाव, उंची सांगून झाली, चेहऱ्याच्या दोन्ही बाजू दाखवून झाल्या, टेक झाला आणि सहायक म्हणाला, “छान, पण कॉन्फिडन्स कमी वाटला.” ते वाक्य मला आजही खुपते. त्या बाईजवळ आत्मविश्वास उरलेलाच नाही. तिला मान वर करवत नाही, तरीही ती खुर्ची सोडत नाही, हाच तर तो प्रसंग होता! मी हे सांगितले, पण त्याला मोठा आवाज हवा होता. तेव्हा दुसऱ्या टेकमध्ये मी त्या बाईला बाहेर बसलेल्या लोकांना ऐकू जाईल असे बोलायला लावले, म्हणजे व्यवस्थापकाला लाज वाटेल. मागणी तीच राहिली, आवाज बदलला. भूमिका दुसरीला मिळाली. मी छाती काढून गेले असते तर ती मला मिळाली असती, असे आमचे दिग्दर्शक म्हणाले असते. मला ते तेव्हा पटले नसते आणि आजही पटत नाही. पात्राला काय हवे आहे हे पक्के ठाऊक असल्यामुळेच ऐनवेळची सूचना मला क्षणात पेलता आली, आणि याहून वेगळा आत्मविश्वास नटाला लागत नाही.

टेकपूर्वी फ्रेम किती आहे, म्हणजे कॅमेऱ्यात आपण कोठपर्यंत दिसतो, आणि नजर कोठे ठेवायची, हे निःसंकोच विचारावे. घरून सेल्फ टेप, म्हणजे स्वतःच चित्रित केलेली ऑडिशन, पाठवताना प्रकाश समोरून यावा आणि क्यू देणारी व्यक्ती लेन्सच्या अगदी शेजारी उभी असावी. थरथर लपवण्यात शक्ती घालवू नये. पहिल्या वाक्याआधी एक लांब उच्छ्वास सोडावा.

जाहिरातींच्या ऑडिशनला मात्र यातले फारसे उपयोगी पडत नाही. तिथे अनेकदा चेहरा आणि वय पाहूनच दारात ‘नॉट फिट’ म्हणतात. तो अभिनयावरचा निकाल नसतो. राष्ट्रीय नाट्य विद्यालयासारख्या प्रवेशपरीक्षेची गोष्टही निराळी, कारण तिथला उतारा आधीपासून तयार करता येतो.

उतारा आदल्या दिवशी हाती आला, तर समोरची वाक्ये वाचायला घरातल्या अशा माणसाला बसवावे, ज्याला अभिनयाची काडीचीही आवड नाही. खोलीतला सहायक बहुधा तसाच वाचणार असतो.