कुंडीतला कढीपत्ता का वाढत नाही?

प्रश्न : बाल्कनीतला कढीपत्ता काडीसारखा उंच गेलाय. पानं शेंड्यालाच आहेत, तीही पिवळी. मध्येच अळ्या पानं फस्त करतात. रोज ताक घालते, तरी फरक नाही. काय करू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, आधी ताक थांबवा. रोजच्या ताकाने माती आंबते, चिलटं होतात. पंधरा दिवसांतून एकदा वाटीभर आंबट ताक लिटरभर पाण्यात मिसळून घातलंत तर पुरे.

पिवळेपणा नीट पाहा. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. बोअरच्या जड पाण्यावर हे हमखास होतं, कारण त्या पाण्याने माती अल्कधर्मी होते आणि तिच्यातलं लोह मुळांना घेता येत नाही. लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) विरघळवून संध्याकाळी फवारा. सगळंच पान पिवळं पडून गळत असेल, तर कुंडीचं भोक तुंबलंय का ते तपासा. वरची दोन इंच माती सुकल्याशिवाय पाणी नको.

काडी होते ती छाटणीअभावी. थंडी सरल्यावर शेंडा गुडघ्याच्या उंचीवर कापा, खालून तीन-चार फांद्या फुटतील. सुटी पानं ओरबाडू नका, देठासकट अख्खी डहाळी काढा. बारा इंची कुंडी आणि पाच-सहा तास ऊन हवंच.

अळ्या लिंबावरच्या फुलपाखराच्या आहेत. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला. लहान असताना त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, म्हणून नजरेतून सुटतात. हाताने वेचा. खायच्या पानांवर कीटकनाशक अजिबात नको.