त्या पत्रातलं एक वाक्य काढ

प्रिय मुला,

सलाम.

काका त्यांच्या तान्ह्या नातवाला बाप्तिस्मा द्यायला निघालेत, त्यावरून त्यांना पाठवण्यासाठी तू लिहिलेलं उत्तर वाचलं. बाप्तिस्मा तान्ह्या बाळांना नव्हे, स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करणाऱ्यालाच द्यावा, हे तू चांगलं मांडलं आहेस. माझं मत तुझ्यासारखं नाही, ते तुला ठाऊक आहे. तरीही सांगतो, बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या 8व्या अध्यायातला कूशी (म्हणजे इथिओपियाचा) षंढ तू नेमका उचललास. वाटेत पाणी दिसल्यावर तो स्वतःच बाप्तिस्मा मागतो, आणि तुझ्या बाजूचा हा भक्कम दाखला आहे. पण 16व्या अध्यायातला फिलिप्पैचा बंदिशाळेचा नायक तू टाळलास. त्याच्याबरोबर त्याच्या घरच्या सगळ्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि काका पहिल्यांदा तिथंच बोट ठेवतील. आपल्याला अडचणीचं वचन आपणच आधी पुढे आणावं. त्यानं आपली बाजू लंगडी पडत नाही, उलट ऐकणाऱ्याला कळतं की हा नुसता जिंकायला बसलेला नाही.

ही दुरुस्ती झाली की पत्र तयार आहे. पण तिसऱ्या परिच्छेदातलं एक वाक्य काढल्याशिवाय ते पाठवू नकोस. ‘तुमचा अजून नवा जन्मच झालेला नाही, म्हणून तुम्हाला हे समजत नाही.’

तुझी भाषा फार कडक झाली, म्हणून हे सांगतोय असं समजू नकोस. पत्रातली बाकीची कडक वाक्यं खुशाल राहू देत. बाळाच्या बाप्तिस्म्याला शास्त्रात आधार नाही, हे तू ठणकावून लिहिलंस, लिही. ते वचनाविषयी आहे, त्यावर काकांना उत्तर देता येईल. नव्या जन्माचं, म्हणजे माणूस आतून ख्रिस्ताचा झाला की नाही याचं वाक्य मात्र काकांच्या आणि प्रभूच्या मधल्या गोष्टीविषयी आहे. तिथं काय आहे ते तुला दिसत नाही, आणि काकांनाही त्यावर काही बोलता येणार नाही. ‘झालाय माझा नवा जन्म’ असं म्हातारपणी एका पोराला पटवून देत बसायचं का त्यांनी?

रोमच्या मंडळीत अगदी हेच चाललं होतं. कोणी फक्त भाजीपाला खाई, कोणी सगळं खाई. कोणी एक दिवस विशेष मानी, कोणी सगळे दिवस सारखे मानी. त्यांना पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाला स्वतःचं मत होतं आणि ते त्यानं लपवलं नाही. कोणताही पदार्थ मुळात अशुद्ध नाही, असं त्यानं स्पष्ट लिहून टाकलं. तरी रोमकरांच्या त्या पत्राच्या 14व्या अध्यायात तो आधी ज्याला फटकारतो तो चुकीच्या मताचा माणूस नाही. दुसऱ्याच्या चाकराचा निवाडा करणाऱ्याला तो विचारतो, तू कोण? त्याचा धनी त्याला उभा ठेवायला समर्थ आहे. हा अध्याय आपल्याकडे ‘भांडू नका’ एवढंच सांगायला वापरतात, आणि मला ते पटत नाही. पौल प्रत्येकाला आपापल्या मनात पक्की खात्री करून घ्यायला सांगतो. खात्री सोडून दे, असं तो कुणालाच म्हणत नाही.

तुला पंडिता रमाबाईंची पत्रं वाचायला सांगायचं कधीपासून मनात होतं. त्यांचा इंग्रजी पत्रव्यवहार 1977 मध्ये राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळानं छापला. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वॉन्टेज इथं त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्या 25 वर्षांच्या होत्या, म्हणजे तुझ्याच वयाच्या आसपास. (त्यांची लेक मनोरमा हिचाही त्याच दिवशी झाला, आणि ती दोन वर्षांची होती. काका हे तुला ऐकवतीलच.) तिथल्या जोगीण सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. मायलेकी त्यांना ‘आजीबाई’ म्हणत.

बाप्तिस्म्यानंतर थोड्याच दिवसांत दोघींमध्ये मतभेद सुरू झाले. त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण इंग्लंडच्या चर्चमध्ये ज्या पद्धतीनं मांडली जाई, ती रमाबाईंना पटेना. पाद्री आणि बिशप यांच्या तोंडचा प्रत्येक शब्द आपण मानायला हवा, हे तर त्यांना मुळीच मान्य नव्हतं. भटभिक्षुकांचं जू महत्प्रयासानं मानेवरून काढलं आहे, आता तसंच दुसरं घालून घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी स्वच्छ लिहून कळवलं. इथवर वाद विश्वासाचा आणि अधिकाराचा होता, आणि दोघी तोलामोलाच्या होत्या.

मग आजीबाईंनी रमाबाईंच्या मनाचं निदान सुरू केलं. रमाबाई तिथंही शाकाहारीच राहिल्या होत्या. आजीबाईंना त्यात जुन्या जातीचा पीळ दिसला, आणि त्यांच्या प्रश्नांमध्ये गर्व दिसला. रमाबाईंनी उत्तर दिलं की माझा गर्व पाय-पुडिंगसारख्या इंग्रजी पक्वान्नांत शोधायचा असेल तर खुशाल शोधा. माझ्या पूर्वजांच्या ज्या चाली मला पाळता येतात त्या मी पाळणार. ती पत्रं शेजारीशेजारी ठेवून वाच. शिकवणीवरचा वाद चालू असतो तोवर दोघी एकमेकींच्या प्रश्नाला उत्तर देतात. गर्वाचा आरोप आला की प्रश्न बाजूला राहतो, आणि एक आरोप करते, दुसरी स्वतःचा बचाव करते. आजीबाईंचं रमाबाईंवर प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? प्रेम होतंच. पण प्रेमाच्या माणसानं केलेलं निदानसुद्धा बोलणं थांबवतं.

आणि तरीही, मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की रमाबाईंनी पत्र लिहिणं थांबवलं नाही. एक पाऊलही मागे न घेता त्या ‘आजीबाई’च म्हणत राहिल्या. 1886 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, पुढे मायदेशी येऊन शारदा सदन काढलं, केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, आणि पत्रव्यवहार चालूच होता. आजीबाईंनीही ती पत्रं जपून ठेवली, स्वतःला झोंबलेली पत्रंसुद्धा. म्हणून तर आज आपल्याला ती वाचायला मिळतात.

आता आपल्या घरचं. तू आणि काका ज्या मंडळीत बसता ती सीएनआयची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा चर्च एकत्र आली. त्यांत अँग्लिकनही होते आणि बॅप्टिस्टही. एक बाळांना बाप्तिस्मा देणारे, दुसरे त्यालाच ठाम विरोध करणारे. वाटाघाटी 1929 पासून चालू होत्या, म्हणजे चाळीस वर्षं. शेवटी दोन्ही पद्धती एकाच मंडळीत मान्य झाल्या. कोणी आपलं मत चुकीचं होतं असं कबूल केलं नाही. ‘समोरच्याचा बाप्तिस्मा ख्रिस्ताचाच आहे’ एवढं मान्य केलं, आणि ते एवढं मान्य करायला चाळीस वर्षं लागली. तुला तीन आठवड्यांत काकांकडून उत्तर हवंय.

एक गोष्ट वेगळी ठेव, कारण तरुण संघात मी याची गल्लत होताना पाहतो. सगळंच काही मतभेदात मोडत नाही. मंडळीच्या पैशाचा हिशेब कुणी देत नसेल, कुणी पोरीबाळींशी वाईट वागत असेल, लग्न जमवताना किंवा पंगतीत कुणी जात काढत असेल, तर रोमकरांचा 14वा अध्याय पुढे करून गप्प बसायचं नाही. अंत्युखियात प्रेषित पेत्र विदेशी, म्हणजे यहुदी नसलेल्या भावांच्या पंगतीतून उठला, तेव्हा पौलानं त्याला सर्वांच्या देखत तोंडावर सुनावलं. तिथं कुणाचं तरी ताट काढून घेतलं जात होतं. काकांनी कुणाचं ताट काढलेलं नाही. ते फक्त आपल्या नातवाला पाळकांच्या हातात देणार आहेत.

आता काय करायचं ते सांगतो. हे उत्तर ग्रुपवर टाकू नकोस, आधी काकांनाच दे. सगळ्यांसमोर टाकलंस तर काका तुला उत्तर देणार नाहीत, बघणाऱ्यांना देतील, आणि तुझंही तसंच होईल. पत्राची सुरुवात त्यांचं म्हणणं तुझ्या शब्दांत मांडून कर, असं की वाचून ते म्हणतील, ‘हो, माझं म्हणणं हेच आहे.’ हे साधत नसेल तर उत्तर लिहायची वेळ आली नाही असं समज, आणि त्यांच्या घरी जाऊन विचार. चहा ते देतीलच. रविवारच्या शाळेत तुला वचनं पाठ करून घेतली ती त्यांनीच, तेव्हा तुझं शास्त्र किती पक्कं आहे हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

नातवाच्या बाप्तिस्म्याला जायचं की नाही, असं तू शेवटी विचारलंस. जा. पाळक मंडळीला उभं राहून वचन द्यायला सांगतील, की या मुलाला ख्रिस्ताच्या मार्गात वाढवायला आम्ही साहाय्य करू. त्यातला एकेक शब्द वाचून बघ. तुझ्या मनाला पटेल तेवढ्यालाच होकार दे, नाही पटलं तर तिथं गप्प राहा. पण बाळाला साहाय्य करायला तुझी ना नसणार, असं मला वाटतं. ते मोठं झाल्यावर स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करील, ही इच्छा तुझी आहे तशीच काकांचीही आहे. दृढीकरण, म्हणजे मोठेपणी विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी, त्यासाठीच असतो.

पत्र दुरुस्त केलंस की मला परत दाखवायची गरज नाही. बंदिशाळेच्या नायकाबद्दल तू काय लिहिलंस तेवढं मात्र कळव, मलाही त्यावर विचार करायचा आहे.

ख्रिस्तात तुझा,
मामा