बोल्टच्या पोटातला कोळसा

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझ्या प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. देश श्रीमंत होत गेला की त्याचे कार्बन उत्सर्जन आधी वाढते आणि मग आपोआप उतरते, असे तू गृहीत धरले आहेस, आणि तिथेच मी अडलो. उत्तर अमेरिकेतील मुक्त व्यापार कराराची चर्चा सुरू असताना, १९९१ मध्ये, ग्रॉसमन आणि क्रुगर या अर्थशास्त्रज्ञांनी एका निबंधात हा चढउतार दाखवला तो सल्फर डायऑक्साइड आणि धूर यांच्याबाबतीत. ते ज्या शहरात निघतात तिथल्याच लोकांच्या छातीत जातात, म्हणून हाती पैसा येताच लोक त्यांना आळा घालायला लावतात. कार्बन डायऑक्साइडची झळ मात्र साऱ्या जगात वाटली जाते, म्हणून तोही तसाच उतरेल असे धरून चालता येत नाही. त्या निबंधातून घ्यायचे ते वेगळेच: व्यापारामुळे एकूण उत्पादन किती वाढले, कोणता उद्योग कुठे सरकला आणि माल बनवण्याची रीत किती सुधारली, हे तिन्ही परिणाम सुटे करून पाहणे.

ब्रिटनचे उत्सर्जन १९९० च्या तुलनेत निम्म्याच्या आसपास आले आहे. त्यात कोळशाची वीज बंद करण्याचा वाटा खरा आहे. शेवटचे केंद्र सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झाले. पण बाहेरून आलेला माल बनवताना झालेले उत्सर्जन त्यांच्या खात्यात धरले, तर घट बरीच कमी भरते. चीन डिसेंबर २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि पुढच्या दशकात त्याचे कार्बन उत्सर्जन दुपटीहून अधिक झाले. मात्र ते सारे निर्यातीच्या माथी मारू नकोस, कारण घरे, रस्ते आणि पूल यांसाठीही तिथे अफाट सिमेंट आणि पोलाद लागले. आंतरराष्ट्रीय फेऱ्यांवरील जहाजांचे इंधन तर कोणत्याच देशाच्या बेरजेत धरले जात नाही.

मागे युरोपला नट-बोल्ट पाठवणाऱ्या एका लहान कारखान्यात गेलो होतो. मालकांनी एक बोल्ट माझ्या तळहातावर ठेवला. त्याचे वजन, दर, ताकद त्यांना तोंडपाठ होती. पण त्याच्या पोलादासाठी भट्टीत किती कोळसा जळला, हे बोल्टसाठीची पोलादी तार पुरवणाराही त्यांना सांगत नव्हता. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून हाच हिशोब मागायला सुरुवात केली, आणि २०२६ पासूनच्या आयातीवर त्या उत्सर्जनाची किंमत तिथल्या आयातदाराला मोजावी लागते. आपल्याकडे टनभर पोलादामागे सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइड निघतो, जगाची सरासरी दोन टनांच्या आसपास आहे. त्यामुळे दराची घासाघीस शेवटी या कारखानदाराशीच होणार. ज्यांनी दीडशे वर्षे कोळसा जाळला त्यांनी हा भार इकडे सरकवावा, हे मला न्याय्य वाटत नाही. तरीही हिशोब मागणेच चूक, असे मी म्हणणार नाही.

म्हणून पहिले प्रकरण बाजूला ठेव आणि एकच वस्तू निवड. ती जिथे बनली त्या देशाच्या खात्यावर एकदा आणि जिथे वापरली गेली तिथल्या खात्यावर एकदा, असे तिचे उत्सर्जन मांडून तो तक्ता मला पाठव.

तुझा स्नेहांकित